विजेची परतीची वाट



रुळांलगतच्या चाळीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना रेडिओची खरखर म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. आम्ही त्यांपैकीच एक. आमच्या खोलीत फळीवर एक जुना रेडिओ असे. संध्याकाळी मध्यमलहरींवर विविधभारती लागे, गाणे अंतऱ्यावर येई, आणि नेमकी त्याच वेळी खालून लोकल जाई. तिच्या माथ्यावरचा पँटोग्राफ वरच्या तारेवरून क्षणभर उडे, निळी ठिणगी चमके, आणि इकडे गाण्याच्या मधोमध खर्रकन आवाज होऊन एखादा शब्द नाहीसा होई. आमची आई म्हणे, "या गाडीला आपलं गाणं बघवतच नाही."

आज आम्हांस जे सांगायचे आहे ते या खरखरीविषयीच. आम्ही इंजिनियर नव्हे. आमची शाळा दहावीलाच सुटली. पुढचे शिक्षण फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांनी आणि तारा ओढणाऱ्या, चर खणणाऱ्या कामगारांनी केले. तेव्हा चूकभूल आपण सांभाळून घ्यावी. परंतु या खरखरीच्या मागे सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो. एकाच्या कामाचा उपद्रव दुसऱ्याच्या घरात शिरला, तर तो निस्तरायचा कोणी? आम्ही तीस वर्षे कामगारांच्या गाऱ्हाण्यांत काढली. हा प्रश्न आमच्या ओळखीचा आहे.

प्रथम वीज चालते कशी हे पाहू. वीज ही कोठे जाऊन संपणारी वस्तू नव्हे. ती जेथून निघाली तेथे तिला परत यावेच लागते. पाण्याचा टँकर गावात रिकामा होतो तशी ती गाडीत रिकामी होत नाही; रहाटाच्या माळेसारखी ती फिरत राहते. विजेच्या गाडीत ती वरच्या तारेतून येते, मोटार फिरवते, चाकांतून रुळांत उतरते आणि रुळांवाटे उपकेंद्राकडे परतते. जायची वाट तांब्याची, टांगलेली, राखलेली. परतीची वाट मात्र जमिनीवर पडलेल्या लोखंडाची. मग रुळांतील काही वीज रूळ सोडून जमिनीत उतरते आणि सापडेल त्या वाटेने घरी जाते. पाण्याचा नळ असो, गॅसचा नळ असो, तिला सगळे सारखेच. एकमार्गी वीज अशा नळातून जेथे बाहेर पडते, तेथे नळाचे लोखंड हळूहळू झिजते. म्हणूनच इंग्लंडच्या बोर्ड ऑफ ट्रेडने १८९४ मध्ये ट्रामकंपन्यांना बंधन घातले की, परतीच्या रुळांत कोणत्याही दोन ठिकाणांमध्ये ७ व्होल्टपेक्षा अधिक फरक पडता कामा नये. परतीची वाट धड ठेवा, एवढाच त्याचा अर्थ.

पहिली तक्रार केली ती टेलिफोनने. त्या काळी टेलिफोनची तार एकेरी असे. परतीचा प्रवास जमिनीतून होई. तार वाचते, पैसा वाचतो. इंग्लंडमध्ये लीड्स शहरात १८९१ मध्ये विजेची ट्राम धावू लागली आणि तिचीही वीज त्याच जमिनीतून परतू लागली. एकाच पायवाटेवरून दोन वऱ्हाडे निघाली म्हणजे जे होते तेच झाले. टेलिफोनमध्ये माणसाच्या आवाजाऐवजी ट्रामचे गुरगुरणे ऐकू येऊ लागले. टेलिफोन कंपनी कोर्टात गेली. १८९३ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला, तो मोठा मासलेवाईक आहे. आपली वीज दुसऱ्याच्या हद्दीत सोडणारा तत्त्वतः जबाबदार आहे, हे त्यांनी मान्य केले. परंतु या ट्रामला पार्लमेंटची परवानगी आहे, म्हणून तिला अडवता येत नाही, असे सांगितले.

पुढे १९०२ मध्ये केपटाउनचा खटला लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे आला. तेथे समुद्राखालून आलेल्या तारेच्या टोकाला बसवलेले नाजूक यंत्र ट्रामच्या विजेमुळे भलतेच गिरवू लागले होते. कौन्सिलने म्हटले ते थोडक्यात असे : तुमचे यंत्र फार नाजूक आहे, तुम्ही आपल्या जागेचा खास उपयोग करता, त्यासाठी शेजाऱ्याची जबाबदारी वाढवता येणार नाही. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा हसू आले. कापसाची धूळ छातीत जाऊन खोकणाऱ्या कामगारालाही 'तुझीच छाती नाजूक' असे सांगणारे आम्हांला भेटलेले आहेत.

टेलिफोनवाल्यांनी मग शहाणपणाचा मार्ग धरला. जमिनीचा नाद सोडून त्यांनी परतीसाठी स्वतःची दुसरी तार ओढली आणि खांबांवर ठरावीक अंतराने दोन्ही तारांच्या जागा आलटून पालटून घेतल्या. बाहेरचा उपद्रव दोन्हींवर सारखाच पडतो आणि एकमेकांस मारून टाकतो. युक्ती उत्तम; परंतु तिचा खर्च ज्याने गलबला केला त्याने नव्हे, ज्याला त्रास झाला त्याने केला.

दुसरी गोष्ट आपल्या मुंबईची आहे, आणि ती आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. कुलाब्याच्या दांडीवर १८२६ मध्ये वेधशाळा उभी राहिली. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी तेथे १८४१ मध्ये सुरू झाली आणि १८४६ पासून ती अखंड चालू राहिली. होकायंत्राची सुई दिवसभरात केसभर इकडेतिकडे हलते. ते हलणे टिपणे हे तिथले काम. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरून आलेल्या मोठ्या चुंबकीय वादळाची नोंद या कुलाब्याच्या वह्यांत आहे. दीडशे वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्या वह्या उघडल्या आणि ते वादळ किती प्रचंड होते याचा हिशेब त्यावरून मांडला. सांगायचा मुद्दा असा की, अशा नोंदीचे मोल ती अखंड असण्यात असते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणण्याचे ठरले. विजेची ट्राम म्हणजे जमिनीत भटकणारी वीज, आणि जेथे वीज तेथे चुंबकत्व. सुई आता सूर्याचे नव्हे, ट्रामचे येणेजाणे टिपणार! त्या वेळी वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस, त्या जागेवरचे पहिले भारतीय. मूस यांनी वेळीच ओळखले की, येथे भांडून उपयोग नाही. खाडीपलीकडे अलिबागला जागा पाहून चुंबकाला बाधा न आणणाऱ्या दगडाची इमारत बांधण्यात आली, आणि १९०४ पासून तेथे मोजणी सुरू झाली. मूस यांची दूरदृष्टी दिसते ती यापुढे. कुलाब्याचे काम त्यांनी लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली, म्हणजे जुन्या वहीचा धागा नव्या वहीला बिनचूक जोडता यावा. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली, तेव्हा सुई अलिबागेस सुखरूप पोहोचली होती. ती वेधशाळा आजही चालू आहे. मुंबईची ट्राम मात्र १९६४ मध्येच बंद झाली.

हे एकट्या मुंबईचे झाले नाही. लंडनजवळच्या क्यू येथील चुंबकीय काम ट्रामच्या त्रासाने स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर येथे गेले. ग्रिनिचचे काम रेल्वेच्या विद्युतीकरणामुळे ॲबिंजरला आणि तेथेही गाड्यांनी गाठल्यावर १९५७ मध्ये हार्टलँडला गेले. गाडी पुढे आणि विज्ञान बिऱ्हाड पाठीवर घेऊन मागे, असा हा प्रवास आहे.

आता रेडिओकडे येऊ. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत हार्बरमार्गे देशातील पहिली विजेची रेल्वे धावली. दाब १५०० व्होल्ट, वीज एकमार्गी. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली मार्गही विजेवर आला. या दोन तारखांच्या मधोमध, २३ जुलै १९२७ रोजी, मुंबईचे रेडिओकेंद्र सुरू झाले. म्हणजे लोकल आणि रेडिओ ही या शहराची जुळी भावंडे म्हणावीत, आणि जुळ्यांसारखीच ती जन्मापासून एकमेकांशी भांडत आली.

या भांडणाचे मूळ गमतीचे आहे. हर्ट्झने १८८७-८८ मध्ये विद्युत्‌लहरी सिद्ध केल्या त्या ठिणगी पाडूनच. मार्कोनीचे पहिले संदेशही ठिणगीनेच गेले. तेव्हा पँटोग्राफ तारेवरून उडतो आणि ठिणगी पडते, तेव्हा लोकलगाडी नकळत जुन्या पद्धतीचे एक रेडिओकेंद्रच चालवत असते. फरक एवढाच की, या केंद्राला ठराविक लहर नाही. ते एकाच वेळी शेकडो लहरींवर ओरडते, म्हणून काटा कोठेही फिरवला तरी त्याच्यापासून सुटका नाही. मध्यमलहरींच्या रेडिओत गाण्याचा चढउतार लहरीच्या उंचीत साठवलेला असतो. ठिणगीचा धक्काही उंचीवरच बसतो, आणि बिचाऱ्या रेडिओला त्यातले गाणे कोणते व गाडी कोणती हे ओळखता येत नाही.

यावर उपाय नव्हते असे नाही. पँटोग्राफला कार्बनची पट्टी लावावी, वरची तार एकसारखी ताणून ठेवावी, मोटारींना ठिणगी गिळणारी कपॅसिटरे जोडावीत, हे सर्व ठाऊक होते. प्रश्न होता तो हे करायला भाग कोणी पाडावे हा. १९३४ मध्ये पॅरिस येथे रेडिओतील अडथळ्यांविषयी एका आंतरराष्ट्रीय समितीची पहिली सभा भरली. तिच्या कामातली एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. अडथळा मोजायचा कसा, हे ठरवताना केवळ विजेचे माप घेऊन भागले नाही. एखादाच खटका झाला तर ऐकणारा तो सोडून देतो. तेच खटके लागोपाठ होऊ लागले की तो वैतागतो. म्हणून ऐकणाऱ्या माणसाला किती त्रास होतो त्याप्रमाणे काटा हलेल, असे मोजयंत्र बनवण्यात आले. टेलिफोनवाल्यांनीही माणसाच्या कानाला कोणता सूर अधिक टोचतो ते पाहून आपले माप बेतले. त्रासाचे माप त्रास देणाऱ्याच्या यंत्रावरून नव्हे, तो सोसणाऱ्याच्या कानावरून घ्यावे, हे तत्त्व कारखान्यांत रुजवायला आम्हांला किती मोर्चे काढावे लागले, ते आमचे आम्हांस माहीत!

कायद्याचा कान मात्र एवढा तयार नव्हता. १९६५ मध्ये इंग्लंडमधील ब्रिडलिंग्टन येथे विजेच्या मोठ्या वाहिनीमुळे टेलिव्हिजनचे चित्र बिघडेल म्हणून फिर्याद झाली. न्यायाधीशांनी सांगितले की, करमणुकीतला असा अडथळा हा अद्याप कायद्याने दाद मागण्याजोगा उपद्रव नव्हे. करमणूक! आठ तास यंत्रापुढे आणि दोन तास गर्दीत उभे राहून आलेल्या माणसाला दिवसाकाठी मिळणारी ती तीन गाणी, त्यांना काय नाव द्यायचे ते आपण ठरवावे.

अखेर रेडिओनेही तेच केले जे टेलिफोनने आणि कुलाब्याने केले होते. तो स्वतःच बाजूला झाला. अमेरिकेत एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९३३ मध्ये पेटंट घेतलेली एफएम पद्धत लहरीच्या उंचीत नव्हे, तिच्या कंपनसंख्येच्या फरकात गाणे साठवते. ठिणगीने उंची हलवली तरी गाणे बहुतांशी शाबूत राहते. आपल्याकडे १९७७ मध्ये मद्रासला एफएमचा आरंभ झाला. आम्ही चाळीत खरखर ऐकत होतो, त्याच काळात.

येथवर तीन गोष्टी झाल्या आणि तिन्हींत सोसणाऱ्यानेच पदरमोड केली. चौथी गोष्ट निराळी आहे, आणि तिच्यासाठीच आम्ही आज उभे राहिलो.

१५०० व्होल्टवर मोठी गाडी ओढायची तर प्रचंड प्रवाह लागतो. गाडीला ३,००० किलोवॅट हवे असतील तर १५०० व्होल्टला २,००० अँपिअर लागतात. २५,००० व्होल्टला १२० पुरतात. म्हणून १९५७ मध्ये भारतीय रेल्वेने फ्रान्सच्या अनुभवाच्या आधाराने २५,००० व्होल्टची उलटसुलट वीज स्वीकारली. तार हलकी झाली, उपकेंद्रे दूरदूर झाली. परंतु उपद्रवाचे रूप पालटले. सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलणारी ही वीज शेजारच्या तारेला न शिवता तिच्यात दाब निर्माण करते. वरची तार डोक्यावर, आणि परतीची वीज रुळांतून निसटून जमिनीत शेकडो मीटर खोल पसरलेली. या दोहोंमध्ये केवढा तरी मोठा फास तयार होतो, आणि रुळांच्या कडेने मैलोगणती गेलेली तारखात्याची तार त्या फासाच्या कचाट्यात सापडते. येथे प्रश्न खरखरीचा नव्हता, माणसाच्या जिवाचा होता.

आमच्या उमेदीच्या काळात वऱ्हाडात एका मार्गावर विद्युतीकरण चालू होते. कडेच्या जुन्या तारा उतरवून जमिनीत केबल घालण्याचे काम एका ठेकेदाराकडे होते, आणि चर खणणाऱ्या मजुरांची संघटना बांधण्यासाठी आम्ही तेथे मुक्कामाला होतो. एके दिवशी एक तरुण मजूर उतरवलेल्या तारेचे भेंडोळे आवरत असताना फेकला गेला. हात भाजला, जीव वाचला. ठेकेदाराचे उत्तर तयार होते : तार दोन्हीकडून तोडलेली होती, बंद होती, पोराला फेफरे असेल. संध्याकाळी पालांपाशी एक म्हातारी बाई आम्हांस म्हणाली, "भाऊ, तार तं मेलेली होती. मंग मेलेल्या तारीनं मानसाले कसं धरलं?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. संघटना बांधायला गेलेल्या माणसाला यापरती लाज नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही एका निवृत्त सिग्नल मेस्त्रींना गाठले. त्यांना सगळे मामा म्हणत. मामांनी विडीच्या बंडलाचा कागद उलगडून त्यावर दोन आडव्या रेघा काढल्या. वरची गाडीची, खालची आपली. "ही भरलेली आहे नं, मग ही कोरडी राहत नाही," ते म्हणाले. "तार तोडली म्हणजे ती मेली, असं नाही. तिची परतीची वाट तोडली, एवढंच झालं. ती वाट पाहत बसते. मग ज्यानं हात लावला, तोच तिची वाट होतो."

तो कागद आम्ही पुष्कळ वर्षे जपून ठेवला होता. त्यातूनच आमची मागणी निघाली : जेथे काम चालेल त्याच्या दोन्ही बाजूंना तार जमिनीला जोडल्याखेरीज कोणीही तिला हात लावणार नाही. हा नियम काही आमचा शोध नव्हे. तो पुस्तकांत होताच. तो चरापर्यंत पोहोचला नव्हता, इतकेच. चार दिवस काम थांबले तेव्हा दांडे आले, साखळ्या आल्या, हातमोजे आले. भाजलेल्या पोराला भरपाई मिळाली ती मागितली त्याच्या निम्मी. ती सल अजून आहे.

परंतु आम्हांस सांगायचे आहे ते यापुढचे. ज्या केबलसाठी ते चर खणले जात होते, ती कोणाच्या निर्णयाने? पुढे वाचनात आले की, आपल्या देशात १९४९ पासूनच वीजवाहिन्या आणि दूरसंचाराच्या तारा यांच्या समन्वयासाठी एक स्थायी समिती आहे. एका बाजूला वीज नेणारे, दुसऱ्या बाजूला तार आणि टेलिफोनवाले, आणि रेल्वेही त्यात. नवी वाहिनी टाकण्याआधी नकाशे मांडायचे, शेजारच्या तारेत किती दाब येईल त्याचे गणित करायचे. वाहिनीवर दोष उद्‌भवला असता हा दाब ४३० व्होल्टच्या वर जात असेल, तर उपाय ठरवायचे. लीड्समध्ये जो प्रश्न कोर्टात हरला, तो येथे टेबलावर आला.

आणि रेल्वेने आपल्याकडून काय केले? जेथे शेजारी तारा होत्या तेथे तिने परतीची स्वतंत्र तार खांबांवर चढवली. दर अडीच-पावणेतीन किलोमीटरवर एक ट्रान्सफॉर्मर बसवला. तो रुळांत व जमिनीत भटकणारी वीज ओढून या तारेत आणतो. स्वीडनमध्ये त्याला 'शोषक ट्रान्सफॉर्मर' अशाच अर्थाचे नाव आहे. जाणारी आणि येणारी वीज आता शेजारीशेजारी चालते, एकीचा परिणाम दुसरी पुसते, आणि शेजाऱ्याला उपद्रव फारच थोडा होतो. उरलेल्यासाठी उघड्या तारा काढून कवचाची केबल जमिनीत गेली. सव्वाशे वर्षांपूर्वी टेलिफोनने स्वतःसाठी जी दुसरी तार ओढली, तीच आता गाडीने शेजाऱ्यासाठी ओढली. या साऱ्या इतिहासात न्यायाचे पाऊल कोणते असेल, तर आमच्या मते हे.

यानंतर काळ बदलला. काचेच्या तंतूंतून प्रकाशाने निरोप जाऊ लागले. प्रकाशाला विजेच्या फासाची बाधा होत नाही. मुंबईच्या लोकलही १५०० व्होल्ट सोडून २५,००० व्होल्टवर आल्या. पश्चिम रेल्वेवर हे काम २०१२ मध्ये पुरे झाले आणि हार्बर मार्गावरची शेवटची जुनी गाडी एप्रिल २०१६ मध्ये गेली. अडथळ्याचा प्रश्न मात्र संपलेला नाही. आजच्या इंजिनांतील इलेक्ट्रॉनिक उपकरणे विजेचे तुकडे करून मोटारीला देतात, आणि त्या तुकड्यांचा गलबला रुळांतूनच धावणाऱ्या सिग्नलच्या प्रवाहात मिसळू नये याची कसून परीक्षा घ्यावी लागते. तेथे चूक झाली तर गाणे तुटत नाही, गाड्या आदळतात.

श्रोतेहो, आईच्या म्हणण्याप्रमाणे गाडीला आमचे गाणे बघवत नव्हते असे आता आम्हांस वाटत नाही. गाडी आपले काम करीत होती. तिच्यात आमचेच वडील रात्रपाळीला जात होते. लोकल हवी की गाणे हवे, असा तो प्रश्नच नव्हता. दोन्ही आमचीच होती. प्रश्न होता तो परतीच्या तारेचा, आणि तिचे पैसे कोणी भरायचे याचा. आजही कोठे नवा मार्ग, नवा कारखाना, नवी वाहिनी येते, तेव्हा नकाशा पाहताना आम्ही जाणारी तार पाहत नाही. ती सगळेच दाखवतात. परत येणारी तार कोठे आहे, एवढेच विचारतो. नकाशावर ती नसली, तर ती कोणाच्या तरी अंगातून जाणार आहे असे समजावे, आणि काम सुरू होण्याआधी विचारावे.